परग्रहावर कोणी बोलत असेल, तर आपल्याला ऐकू का येत नाही?

१ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या एका दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेला पाहुणा दिसला. त्याचं नाव ३आय/ॲटलास. ऑक्टोबरच्या शेवटी तो सूर्याच्या सर्वांत जवळ पोचला. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीला त्याच्याकडून ‘रेडिओ सिग्नल’ मिळाल्याच्या बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात दिसली होती ती एक खाच. धूमकेतूतल्या बर्फाची वाफ होते, सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रॉक्सिल नावाचा तुकडा उरतो आणि तो १६६५ व १६६७ मेगाहर्ट्झवर मागून येणाऱ्या लहरी थोड्या गिळतो. कुणी काही पाठवलेलं नव्हतं. उलट जे येत होतं, त्यातलंच थोडं कमी झालं होतं.

पण त्या बातम्या वाचून मनात येणारा प्रश्न अगदी रास्त आहे. अंतराळात खरंच कोणी एकमेकांशी बोलत असेल, तर ते आपल्याला कळेल का?

बहुधा नाही. आणि त्यासाठी त्यांनी आपल्यापासून काही लपवायचीही गरज नाही. कमी ऊर्जेत जास्त बोलायचं ठरवलं की ते बोलणं तिसऱ्याच्या कानाला आपोआप ऐकू येईनासं होतं. हे कसं घडतं ते समजायला परग्रहावर जावं लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो.

## आपण नेमकं काय ऐकतो?

रेडिओ लहर म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच, फक्त लांब लाटांचा. सेकंदाला किती लाटा येतात ती तिची वारंवारता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लागतं, म्हणजे सेकंदाला ७,९२,००० लाटा. अवकाशात भरून राहिलेला हायड्रोजन वायू १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो. त्याच्या लाटेची लांबी २१ सेंटिमीटर.

पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगावला जाऊन आत वळलं की खोडद लागतं. तिथली जीएमआरटी ही दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. जवळून पाहिलं तर तबकडी पत्र्याची नाही. स्टेनलेस स्टीलच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारांची ती जाळी आहे, आणि जाळीची भोकं १ ते २ सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, लहर मात्र जात नाही, कारण २१ सेंटिमीटरच्या लाटेला १ सेंटिमीटरचं भोक म्हणजे भिंतच. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही युक्ती वापरली, म्हणून एवढ्या मोठ्या तबकड्या कमी लोखंडात आणि कमी पैशांत उभ्या राहिल्या.

अशा दुर्बिणींना सतत ऐकू येते ती खरखर. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे येते तीच. आकाशाची उष्णता, आकाशगंगा, यंत्रातल्या तारा, जमीन, सगळ्यांची मिळून ती तयार होते. तिच्यातून परग्रहावरची हाक वेगळी काढायला १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथे पहिला प्रयत्न केला. दोन तारे, वारंवारता १४२०. तेव्हापासून शोधाचा मुख्य आधार एकच राहिला आहे: निसर्ग कधी बारीक शिट्टी मारत नाही. अवकाशातले वायूचे ढग नेहमी पसरट आवाज करतात; निसर्गातली सर्वांत अरुंद रेषाही काहीशे हर्ट्झ रुंद असते. त्यामुळे एक-दोन हर्ट्झमध्ये सगळी शक्ती एकवटलेली दिसली, तर ते यंत्राचं काम.

मग ते यंत्र आपलं की परकं, हे ठरवायचं. एक कसोटी म्हणजे सरकणं. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाशातून येणारी शिट्टी १४२० मेगाहर्ट्झला सेकंदाला ०.१६ हर्ट्झपर्यंत सरकत जाते. शेजारच्या खोलीतलं यंत्र मात्र जागच्या जागी राहतं. दुसरी कसोटी: पाच मिनिटं ताऱ्याकडे बघायचं, पाच मिनिटं बाजूला, असं तीनदा. बाजूला बघतानाही शिट्टी आली, तर ती ताऱ्याची नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला सूर्याच्या सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर एक शिट्टी मिळाली. ती या दोन्ही कसोट्यांतून पार पडली. पुढे तशाच सरकणाऱ्या शिट्ट्या ठरावीक अंतराने इतर वारंवारतांवरही सापडल्या, काही तर बाजूला बघताना. २०२१ मध्ये निष्कर्ष निघाला की तो पृथ्वीवरच्याच इलेक्ट्रॉनिक्सचा प्रताप होता.

एवढी काळजी घेऊनही आपण ऐकतो ते फक्त शिट्टी. ज्याला शिट्टी मारायचीच नाही, तो या चाळणीतून तसाच निघून जातो.

## खरखरीच्या खाली बोलणं

मोबाईलवर नकाशा उघडला की निळा ठिपका येतो. तो आणणारे जीपीएस उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि काही दहा वॉट शक्तीने बोलतात, म्हणजे घरातल्या बल्बइतक्या. त्यांचा आवाज जमिनीवर पोचेपर्यंत खरखरीच्या साधारण शंभराव्या भागाइतका उरतो. तो खरखरीच्या वर येतच नाही. तरी मोबाईल तो वाचतो.

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथक वाजतंय असं समजा. त्या गदारोळात एकजण टिपरीवर टिपरी वाजवतो. शेजारच्यालाही ते ऐकू येणार नाही. पण त्याच्या मित्राकडे कागदावर लिहिलेलं आहे: कोणत्या क्षणी टिपरी, कोणत्या क्षणी थांबा, असे हजारभर क्षण. मित्राने मिरवणुकीचं रेकॉर्डिंग घेतलं आणि टिपरीच्या क्षणांचा आवाज मिळवत, थांब्याच्या क्षणांचा वजा करत गेला. ढोल दोन्हीकडे सारखाच पडतो, त्यामुळे तो बराचसा कटतो. टिपरी मात्र प्रत्येक वेळी बेरजेतच पडते.

जीपीएसचा कागद म्हणजे १,०२३ अंकांचा संकेत. अधिक-उणे, अधिक-अधिक-उणे असा वरवर बेशिस्त दिसणारा. तो दर मिलिसेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शक्ती शंभरावा भाग म्हणजे लाटेची उंची दहावा भाग. १,०२३ वेळा बेरीज केल्यावर उपग्रहाचा आवाज १०२ होतो आणि उलटसुलट पडणारी खरखर फक्त ३२ पर्यंत चढते. एका मिलिसेकंदात बुडालेला आवाज खरखरीच्या तिप्पट वर येतो. आपल्या इस्रोची नाविक यंत्रणाही याच तत्त्वावर चालते. सगळे जीपीएस उपग्रह एकाच वारंवारतेवर एकाच वेळी बोलतात आणि तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाचा कागद वेगळा.

आता ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या जागी उभं राहून पाहा. त्याला खरखर थोडीशी, टक्काभर फुगलेली दिसेल, आणि तीही नीट मोजली तर. त्याच्या शिट्टी शोधणाऱ्या यंत्रात काहीच उमटणार नाही. आपण हे करायला लागून पन्नासेक वर्षंच झाली आहेत. हजारो वर्षं पुढे असलेल्यांचा संकेत १,०२३ अंकांचा न राहता अब्जावधी अंकांचा आणि कधीच न फिरून येणारा असू शकतो.

## गच्च भरलेला संदेश गोंधळासारखाच दिसतो

दुसरं कारण मला त्याहून मूलभूत वाटतं. मराठी मजकुराची फाईल झिप केली की ती लहान होते, कारण ‘आहे’, ‘आणि’, ‘होतं’ पुन्हापुन्हा येतात आणि पुनरुक्तीच्या जागी छोटी खूण ठेवता येते. तीच फाईल पुन्हा झिप केली तर फारशी लहान होत नाही. आता तिच्यात पुनरुक्ती उरलेली नसते. उरतात ते वरवर कशाचा कशाशी संबंध नसलेले शून्य आणि एक. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये हे गणितात बसवलं: संदेशात कुठेही ठेवण दिसत असेल, तर तिथे जागा वाया जातेय.

लॅकमन, न्यूमन आणि मूर या तीन संशोधकांनी २००४ मध्ये हेच रेडिओ लहरींना लावलं. दिलेल्या शक्तीत जास्तीत जास्त माहिती कोंबली, तर किल्ली नसलेल्याला तो संदेश आणि तापलेल्या वस्तूचा आपसूक निघणारा प्रकाश यांत फरक करता येत नाही. लपवाछपवीचा इथे प्रश्नच नाही. ही फक्त काटकसर आहे.

आपल्याकडेही हे घडलंच. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून जुनं दूरदर्शन दिसायचं, तेव्हाच्या ॲनालॉग प्रक्षेपणात बरीचशी शक्ती एका टोकदार वारंवारतेत असायची. दूर ताऱ्यावरून शिट्टी म्हणून पकडायला ती सर्वांत सोपी. डिजिटल प्रक्षेपण तीच शक्ती सगळ्या पट्ट्यात सपाट पसरतं. दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक आता बंद झाले आहेत. पन्नाससाठ वर्षं शिट्टी वाजवून एक ग्रह आपसूक खरखरीत विरघळू लागला.

## टॉर्च नको, सुई हवी

जीएमआरटीच्या एका तबकडीने १४२० मेगाहर्ट्झवर लहर सोडली, तर तिचा झोत आकाशात जवळपास चंद्रबिंबाएवढा रुंद असेल. ४.२ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमापाशी पोचेपर्यंत तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १,८०० पट पसरतो. जितका पसरला तितका वाया, आणि वाटेत कोणाच्याही कानी पडणारा.

१० मीटरच्या आरशातून लेझर सोडला तर गोष्ट बदलते. झोत किती पसरणार ते तरंगलांबीला आरशाच्या व्यासाने भागून निघतं. तरंगलांबी १ मायक्रोमीटर धरली, तर प्रॉक्झिमापाशी झोत सुमारे ४० लाख किलोमीटर रुंद होतो. पृथ्वी-सूर्य अंतर १५ कोटी किलोमीटर. झोत त्याच्या जेमतेम सदतिसाव्या भागाएवढा. दोन तारे असे बोलत असतील, तर ऐकायला आपल्याला बरोबर त्या रेषेवर असावं लागेल. हे कल्पनेतलंही राहिलेलं नाही: ११ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या सायकी यानाने ३.१ कोटी किलोमीटरवरून ४ वॉटच्या लेझरने सेकंदाला २६७ मेगाबिट वेगाने चलचित्र पाठवलं. यानावरची दुर्बीण फक्त २२ सेंटिमीटरची होती.

याहून पुढची पायरी म्हणजे सूर्यालाच भिंग करायचं. जड वस्तूजवळून जाताना प्रकाश वाकतो. सूर्याच्या कडेने वाकलेला प्रकाश पृथ्वी-सूर्य अंतराच्या ५५० पट दूर एका रेषेवर एकवटायला लागतो. तिथे ठेवलेल्या छोट्या यंत्राला सूर्याएवढं भिंग फुकट मिळतं. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ आत्ता कुठे १७० पटींच्या आसपास पोचलंय, त्यामुळे आपल्याला ते लांबच आहे. ज्यांना जमलं असेल त्यांचं बोलणं मात्र इतक्या बारीक रेषेत चालेल, की ती रेषा पृथ्वीवरून जाण्याची शक्यता जवळपास शून्य.

हवेचाही पडदा आहेच. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास आपल्या हवेतला ऑक्सिजन लहरी गिळतो, म्हणून उपग्रहांना आपसात बोलायला हा पट्टा सोयीचा. जमिनीवर कान लावून बसलेल्याला तो बंदच.

## न्यूट्रिनो, गुरुत्वीय लहरी आणि साधं पार्सल

न्यूट्रिनो हा कण जवळपास कशालाच अडत नाही. सूर्याकडून आलेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फर्मी प्रयोगशाळेत न्यूट्रिनोंच्या झोताने २४० मीटर दगडामातीतून एक शब्द पाठवला गेला. वेग होता सेकंदाला ०.१ बिट, म्हणजे एका अक्षराला जवळपास एक मिनिट. अडचण उघड आहे: जो कण कशालाच अडत नाही, तो घेणाऱ्याच्या यंत्रालाही अडत नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो पकडले गेले, तेही खोल जमिनीखाली दीर्घकाळ वाट पाहून.

गुरुत्वीय लहरींबद्दल, म्हणजे अवकाशच ताणल्या-आकसण्याच्या लाटांबद्दल, मात्र मी साशंक आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या यंत्रणेने पकडलेल्या पहिल्या लहरीसाठी दोन कृष्णविवरं आदळून तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जेत बदललं होतं. तरी चार किलोमीटरच्या नळीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतकाच होता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया अशा टकरी ऐकेल. पण बोलण्यासाठी कोणी कृष्णविवरं हलवील, असं मानायला काटकसरीच्या हिशोबात जागा नाही.

त्यापेक्षा पार्सल जास्त खरं वाटतं. शिवाजीनगरहून नाशिकला जाणाऱ्या एसटीत २० टेराबाईटची एक हार्ड डिस्क ठेवली आणि प्रवासाला पाच तास लागले, तर वेग पडतो सेकंदाला सुमारे ९ गिगाबिट. घरच्या १०० मेगाबिटच्या फायबरवरून तेवढंच पाठवायला अठरा दिवस लागतील. ख्रिस्तोफर रोज आणि ग्रेगरी राइट यांनी २००४ मध्ये ताऱ्यांमधल्या अंतरासाठी असाच हिशोब मांडला: घाई नसेल, तर माहिती पदार्थावर कोरून पाठवणं लहरींपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. असं पार्सल वाटेत काहीच बोलत नाही.

## “इतकी वर्षं ऐकतोय, मग काहीतरी मिळायला हवं होतं ना?”

किती ऐकलं याचा हिशोब २०१८ मध्ये जेसन राइट, शुभम कनोडिया आणि एमिली लुबार यांनी केला. दिशा, वारंवारता, शक्ती, वेळ, सगळं धरून. सगळा शोध म्हणजे पृथ्वीवरचे सगळे समुद्र मानले, तर आपण तपासलंय सुमारे ७,७०० लिटर. सोसायटीत येणारा पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा असतो. तोही अजून भरलेला नाही. आणि हा हिशोब फक्त शिट्ट्यांचा आहे.

## “ते मुद्दाम हाक का मारत नाहीत?”

कदाचित मारत असतील, आपण त्या वेळी दुसरीकडे बघत असू. आपली सर्वांत गाजलेली हाक १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवरून गेली. १,६७९ बिट, १६९ सेकंद, सुमारे २५,००० प्रकाशवर्षांवरच्या एका तारकागुच्छाकडे. तिथे कोणी असेल आणि ती तीन मिनिटं त्याची तबकडी दुसरीकडे वळलेली असेल, तर त्याच्या वहीतही ‘काही नाही’ अशीच नोंद होईल.

## “क्वांटम तंत्राने क्षणात बोलत असतील तर?”

जोडलेल्या दोन कणांपैकी एक मोजला की दुसऱ्याबद्दल लगेच कळतं, हे खरं. कोल्हापुरी चपलेच्या जोडातली एक नागपूरला गेली आणि पुण्यात डबा उघडून डावी निघाली, तर नागपुरात उजवी आहे हे कळतं. कणांमधलं नातं चपलांपेक्षा जास्त गुंतागुंतीचं आहे, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: डब्यातून डावी निघावी की उजवी हे तुम्हाला ठरवता येत नाही, त्यामुळे नागपूरला निरोप जात नाही. निरोपाला साधी लहर लागतेच, आणि ती प्रकाशाच्याच वेगाने जाते.

## “मग हे पडताळायचं कसं? नुसता विश्वास ठेवायचा?”

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कशातच दिसणार नाही असं म्हटलं, तर ते विज्ञान राहत नाही.

पण एक गोष्ट लपत नाही, ती म्हणजे उष्णता. कोणतंही यंत्र वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता म्हणून बाहेर टाकतं. ताऱ्याचा बराचसा प्रकाश वापरणारी वस्ती अवरक्त किरणांत चमकायलाच हवी, हे फ्रीमन डायसन यांनी १९६० मध्ये मांडलं. अवरक्त किरणांत आकाश पाहणाऱ्या वाइज उपग्रहाच्या नोंदींतून सुमारे एक लाख दीर्घिका याच नजरेने तपासल्या गेल्या, आणि जवळपास सगळा तारकाप्रकाश वापरून टाकणारी एकही मिळाली नाही. हा नकार भक्कम आहे. थोडा प्रकाश वापरणाऱ्यांबद्दल मात्र तो काही सांगत नाही.

दुसरा रस्ता खरखरीतच आहे. जीपीएससारख्या संकेतात लाट मधेच उलटते, अधिकची उणे होते. कागद नसतानाही एक करता येतं: आलेल्या लाटेला तिनेच गुणायचं. उणे गुणिले उणे अधिकच, त्यामुळे सगळ्या उलटापालटी पुसल्या जातात आणि दुप्पट वारंवारतेवर एक स्वच्छ शिट्टी उभी राहते. लाट दोनऐवजी चार प्रकारे वळत असेल, तर चौथा घात घ्यायचा. किंमत अशी की खरखरही स्वतःने गुणली जाते, त्यामुळे दहापट दुबळा आवाज वर आणायला शंभरपट वेळ ऐकावं लागतं. अगदी गच्च भरलेल्या, ठेवण न उरलेल्या संदेशापुढे ही युक्तीही चालत नाही, पण आपल्यापेक्षा थोडेच पुढे असलेल्यांपुढे चालू शकते.

मात्र त्यासाठी कच्ची लाट हातात हवी. जीएमआरटीसारखी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकते, तेव्हा प्रत्येक तबकडीच्या दोन तारांतून सेकंदाला ८० कोटी आकडे निघतात. ३० तबकड्या, ६० तारा, एका आकड्याला एक बाईट: सेकंदाला ४८ गिगाबाईट. तासाभरात एसटीतल्या त्या २० टेराबाईटच्या जवळपास नऊ डिस्क भरतील. एवढं रोज साठवणं परवडत नाही, म्हणून सरासरी काढून तीच ठेवतात आणि मूळ लाट पुसली जाते. सरासरीत शिट्टी वाचते, उलटापालट वाचत नाही. त्यामुळे लाटेला लाटेने गुणण्याचं काम सरासरी काढण्याआधी, लाट यंत्रातून जात असतानाच व्हायला हवं. पुसून झालेल्या नोंदींवर ते नंतर करता येत नाही.